प्रादेशिक किंमत, डिजिटल व्हिडिओ गेमची

प्रादेशिक किंमत, डिजिटल व्हिडिओ गेमची : एकच व्हिडिओ गेम ऑनलाइन दुकानातून विकताना देशागणिक वेगळी किंमत लावण्याची पद्धत. डॉलरमधील किमतीला विनिमय दराने गुणले की ही किंमत मिळते, असे नाही. त्या देशातील लोकांची क्रयशक्ती, कर, चलनाचा चढउतार आणि चोरट्या प्रतींचे प्रमाण पाहून प्रकाशक ती स्वतंत्रपणे ठरवतो. अर्थशास्त्रात हा मूल्यभेदाचा एक प्रकार मानला जातो. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मूल्यभेदाचे तीन प्रकार सांगितले. ग्राहकांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा दर लावणे हा त्यांतला तिसरा. डिजिटल गेमची आणखी एक प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून हा प्रकार येथे विशेष फोफावला.

पूर्वपीठिका : ही कल्पना गेमच्या आधीची आहे. परदेशी पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्यांवर ‘विक्री फक्त भारतीय उपखंडात’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते. अशा आवृत्त्या भारतातून परदेशी पाठवण्याला दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये जॉन वायली कंपनीच्या दाव्यात मनाई केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१३ मध्ये थायलंडहून आणलेली पुस्तके अमेरिकेत विकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. डीव्हीडीच्या काळात जगाचे विभाग पाडून प्रत्येकाला क्रमांक दिला होता. भारत पाचव्या विभागात होता आणि दुसऱ्या विभागाची तबकडी येथील यंत्रावर सहसा चालत नसे. पुरातत्त्व खात्याने २०१८ मध्ये अजिंठा, वेरूळ आणि घारापुरीच्या लेण्यांसाठी भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पर्यटकांना ६०० रुपये असे तिकीट लावले, तेही याच जातीचे.

भारतातील दर : व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचे स्टीम हे दुकान सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झाले. भारतातल्या ग्राहकाला तेथे नोव्हेंबर २०१५ पर्यंत डॉलरमध्ये पैसे मोजावे लागत, आणि त्यासाठी परदेशी व्यवहार चालणारे कार्ड लागे. त्यानंतर किमती रुपयांत दिसू लागल्या आणि पुढे यूपीआयनेही पैसे भरता येऊ लागले. मोबाइलच्या बाजारातही २०१५ मध्येच गूगल प्लेने भारतातील किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली.

रुपयांत किंमत आली म्हणजे ती उतरलीच, असे झाले नाही. १० डिसेंबर २०२० रोजी आलेला ‘सायबरपंक २०७७’ अमेरिकेत ५९.९९ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ४,४०० रुपयांना होता. भारतातील संगणकावर तो २,९९९ रुपयांना मिळे. त्याच सुमाराच्या प्लेस्टेशन ५ वरील ‘डेमन्स सोल्स’ची किंमत अमेरिकेत ६९.९९ डॉलर आणि भारतात ४,९९९ रुपये होती. येथे सवलत नावापुरतीच. संगणकावर चोरट्या प्रती सहज मिळतात, कन्सोलवर मिळत नाहीत, हे या तफावतीमागचे एक कारण. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये रशियाचा दाखला देऊन, चोरीला उत्तर चांगली सेवा हेच आहे, असे मत मांडले होते.

४ सप्टेंबर २०२५ रोजी ऑस्ट्रेलियातील टीम चेरी या छोट्या चमूचा ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ आला. त्याची किंमत अमेरिकेत १९.९९ डॉलर आणि भारतात ८८० रुपये होती. डॉलर तेव्हा ८८ रुपयांच्या आसपास असल्याने भारतीय किंमत जवळपास निम्मी ठरली.

किमतीची फोड : भारतात दिसणारी किंमत साधारणपणे करासहित असते, तर अमेरिकेत राज्याचा विक्रीकर वर लागतो. परदेशी कंपन्यांनी ऑनलाइन पुरवलेल्या सेवांवर भारतात १ डिसेंबर २०१६ पासून सेवाकर होता आणि १ जुलै २०१७ पासून त्याच्या जागी १८ टक्के जीएसटी आहे. ८८० रुपयांच्या कोणत्याही गेमचा हिशेब असा : जीएसटी सुमारे १३४ रुपये, उरलेल्या ७४६ रुपयांवर दुकानाचा नेहमीचा ३० टक्के वाटा सुमारे २२४ रुपये, आणि निर्मात्याच्या हाती सुमारे ५२२ रुपये. तोच गेम अमेरिकेत १९.९९ डॉलरला विकला की निर्मात्याला सुमारे १४ डॉलर, म्हणजे १,२३० रुपयांच्या घरात मिळतात. विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की स्टीमचा वाटा २५ टक्के आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्के होतो. हा नियम २०१८ चा आहे.

तारकर्लीचे उदाहरण : ‘प्रादेशिक’ या शब्दातला प्रदेश म्हणजे देश; जिल्हा किंवा गाव नव्हे. हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्लीवरून चांगले कळते. मालवणपासून सहा-सात किलोमीटरवरच्या या किनारी गावात बहुतेक वस्तूंचा दर अंतर आणि हंगाम ठरवतात. रापणीत सापडलेल्या मासळीचा भाव किनाऱ्यावर एक असतो, आणि बर्फात घालून कोल्हापूर किंवा मुंबईला पोचेपर्यंत तो चढत जातो. कोकण रेल्वेनेही बांधणीचा खर्च भरून काढण्यासाठी प्रवासी भाडे आकारताना अंतर ४० टक्के वाढवून धरण्याची पद्धत ठेवली. गेमला ना बर्फ लागतो ना भाडे. तारकर्लीच्या मुलाला आणि वांद्र्याच्या मुलाला एकाच दिवशी एकच किंमत दिसते, मग दोन्ही घरांच्या कमाईत कितीही अंतर असो.

गावाचे अंतर दुसरीकडे मोजावे लागते. ‘सायबरपंक’ला सुमारे ७० जीबी जागा लागते. इतका डेटा १०० एमबीपीएसच्या जोडणीवर दीड तासात उतरतो, १० एमबीपीएसवर साडेपंधरा तास घेतो, आणि रोज २ जीबी देणाऱ्या मोबाइल रिचार्जवर ३५ दिवसांचा कोटा खातो.

हंगामाचे गणितही उलटे आहे. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात तारकर्लीच्या खोल्यांचे दर चढतात, कारण खोल्या मोजक्याच असतात. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, पर्यटक तुरळक आणि दर खाली. स्टीमची हिवाळी सूट नेमकी डिसेंबरअखेर, म्हणजे गावात गर्दी असताना लागते, आणि उन्हाळी सूट जून-जुलैत, म्हणजे गाव रिकामे असताना. गेमच्या प्रती कधी संपत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइकांची झुंबड उडण्याच्या दिवसांत तेथे भाव चढवण्याऐवजी पाडणे परवडते.

कुंपणे : दोन देशांत भाव वेगळे असले की स्वस्तातून घेऊन महागात वापरण्याची वाट लोक शोधतातच. ती अडवण्यासाठी दुकाने पैसे भरण्याचे साधन त्याच देशातले असावे, अशी अट घालतात. २०२१ पासून स्टीमवर देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो. व्हीपीएन लावून ठिकाण लपवणे हा करारभंग धरला जातो. भावात मोठी तफावत असेल, तर स्वस्त देशातून महाग देशातल्या नातलगाला गेम भेटही देता येत नाही. मालवणच्या काकाने न्यू जर्सीच्या पुतण्याला गेम पाठवायचा म्हटले तर तो येथे अडतो.

कुंपण ओलांडणाऱ्यांमुळे सगळ्या देशाचा दर चढू शकतो. अर्जेंटिना आणि तुर्कस्तान येथील किमती फार खाली असल्याने परदेशी ग्राहक तेथली खाती उघडत. त्यात दोन्ही देशांची चलने घसरत राहिली. व्हॉल्व्हने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रकाशकांना सुचवायचे दर वाढवले आणि २० नोव्हेंबर २०२३ पासून या देशांत स्थानिक चलनाऐवजी डॉलर लागू केला. त्याचा भुर्दंड तेथील प्रामाणिक खेळाडूंनाही बसला.

वाद : युरोपीय आयोगाने २० जानेवारी २०२१ रोजी व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला. पोलंड, हंगेरी, रुमानिया यांसारख्या देशांत स्वस्तात घेतलेल्या प्रती युरोपातच अन्यत्र चालू नयेत अशी तजवीज त्यांनी केली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने व्हॉल्व्हचे अपील फेटाळले. निकालाचा रोख एका सामाईक बाजारपेठेत भिंती घालण्यावर होता. भारत आणि अमेरिका यांच्यासारख्या वेगळ्या बाजारपेठांतील दरभेद त्यामुळे बेकायदा ठरला नाही. विकत घेतलेला डिजिटल गेम पुन्हा विकता यावा, हा फ्रान्समधील ग्राहक संघटनेचा दावा २०१९ मध्ये खालच्या न्यायालयात मान्य झाला, पण २०२२ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने तो फिरवला. तबकडी वापरून झाल्यावर विकता येते. डिजिटल प्रत विकता येत नाही. किमतींची तुलना करताना ग्राहकाला हा फरकही धरावा लागतो.

महाराष्ट्रातील निर्मिती : पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ १८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वप्रथम निन्टेन्डो स्विचवर आला. निन्टेन्डोचे भारतासाठी अधिकृत ऑनलाइन दुकान तेव्हा नव्हते. त्यामुळे पुण्यात बनलेला हा गेम स्विचवर विकत घ्यायला पुण्यातल्याच खेळाडूला दुसऱ्या देशाचे खाते उघडावे लागे आणि किंमतही त्या देशाच्या चलनात मोजावी लागे. संगणक, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांवर तो १५ ऑक्टोबर २०२० रोजी उपलब्ध झाला.