भूकंप थिएटरात आणणारा बेस

चित्रपटगृहात साउंड बसवायच्या कामावर नवा मुलगा आला, की मी त्याला आधी सेन्सराउंडची हकिकत सांगतो. आता सबवूफर प्रत्येक पडद्यामागे असतो. पण आवाज थेट प्रेक्षकाच्या छातीत उतरवायचं धाडस युनिव्हर्सल स्टुडिओने १९७४ मध्ये ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी केलं, त्या तंत्राचं नाव सेन्सराउंड.

भूकंपाला १७ ते १२० हर्ट्झचा आवाज हवा होता. फिल्मच्या कडेची ऑप्टिकल पट्टी इतका खोल आवाज पेलत नसे. त्यांनी काढलेल्या तोडग्याचं मला अजून कौतुक वाटतं. गडगडाट फिल्मवर ठेवायचाच नाही! फिल्मवर फक्त इशाऱ्याचे सूर. ते मिळताच थिएटरमधलं यंत्र स्वतः गडगडाट तयार करून सर्विन-वेगा कंपनीच्या अवाढव्य पेट्यांना पुरवी. पेट्या लहान करणं शक्यच नव्हतं. तेवढाच जोर ठेवून आवाज एक सप्तक खाली न्यायचा, तर स्पीकरच्या कोनला चौपट मागेपुढे हलावं लागतं. म्हणून १८ इंची स्पीकर आले, त्यांच्या जागेसाठी खुर्च्या निघाल्या. हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरमध्ये तर छताचे तुकडे पडतील म्हणून प्रेक्षकांच्या डोक्यावर जाळी बांधली होती.

त्याच तंत्रात ‘मिडवे’, ‘रोलरकोस्टर’ हे चित्रपट आले आणि दशक संपता संपता सेन्सराउंडही संपलं. भाड्याची सामग्री महाग होती, पण माझ्या मते खरी अडचण शेजाऱ्याची. २० हर्ट्झची लाट सुमारे १७ मीटर लांब असते; साधी भिंत तिला दाद देत नाही. एका छपराखाली अनेक पडदे येऊ लागले होते. इकडे इमारती कोसळत आणि पलीकडच्या हॉलमध्ये हळव्या प्रसंगात खुर्च्या थरथरत.

सेन्सराउंड चालू असतानाच, १९७७ मध्ये, ‘स्टार वॉर्स’च्या ७० मिलिमीटर प्रतींत डॉल्बीने खोल बेस फिल्मच्याच मॅग्नेटिक पट्टीवर घेतला. आजच्या ५.१ साउंडमधला ‘.१’ म्हणजे बेसची हीच स्वतंत्र वाट. ‘५.१’ हे नाव ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होल्मन यांनी दिलं.

भिंतीचा प्रश्न मात्र तसाच आहे. आमच्याकडे मालक स्पीकरचा ब्रँड विचारतात, भिंतीची जाडी कोणी विचारत नाही. थिएटर बांधणाऱ्यांना माझी विनंती आहे: दोन पडद्यांमध्ये एकमेकींना न टेकणाऱ्या दोन भिंती उभ्या करा, आणि सबवूफर त्यानंतर घ्या.