हँडल का थरथरतं? मोटोक्रॉसच्या सस्पेन्शनची गोष्ट

आजचा विषय मातीत धावणाऱ्या मोटरसायकलींचा. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम, असं काहींना वाटेल. पण कार्य एके ठिकाणी दिसतं आणि कारण दुसरीकडे असतं, हा आमचा जुना प्रश्न या यंत्राच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतो.

आधी पुढचं चाक सरळ का चालतं ते पाहू. ऑफिसच्या खुर्चीचं चाक आठवा. ज्या दांड्याभोवती ते फिरतं, त्याच्या मागे ते फरफटत येतं, म्हणून आपोआप दिशेला लागतं. मोटरसायकलचं हँडल एका तिरक्या आसाभोवती फिरतं. त्या आसाची रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. मोटोक्रॉसच्या गाडीत ते साधारण 110 ते 120 मिलिमीटर असतं. ट्रेल घटला की गाडी चटकन वळते, पण वेगात हँडल झटके देऊ लागतं.

आता इतिहास. तेलाने धक्के शमवणारा टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने 1935 मध्ये आर 12 या गाडीवर बाजारात आणला. मागची बाजू मात्र पुढे बराच काळ मागासच राहिली. 1970 च्या सुमारास मोटोक्रॉसच्या गाडीचं मागचं चाक जेमतेम 100 मिलिमीटर वरखाली होई. मग बेल्जियमच्या ल्यूसिएँ तिल्केन्स यांनी दोन शॉकअब्सॉर्बरऐवजी एकच, सीटखाली आडवा बसवण्याची कल्पना मांडली. यामाहाने ती उचलली आणि 1973 मध्ये स्वीडनचा हाकान अँडरसन त्याच गाडीवर 250 सीसीचा जगज्जेता झाला. 1981 पर्यंत कावासाकी, सुझुकी, होंडा सगळ्यांनीच लिंकेजवर चालणारा एकच शॉकअब्सॉर्बर आणला होता. आज ही हालचाल 300 मिलिमीटरच्या आसपास आहे.

पण मागे मिळालेल्या या सुखाची किंमत पुढच्या चाकाला मोजावी लागली. एवढी लांब हालचाल असलेली गाडी ब्रेक लावताच नाकावर झुकते. फोर्क दबतो, मागची बाजू उचलली जाते, हँडलचा आस उभा होतो आणि ट्रेल घटतो. लांब फोर्क लवू नये म्हणून नळ्या जाड होत गेल्या. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फोर्क उलटाच केला गेला, जाड भाग वर आणि बारीक भाग खाली. तरीही मूळ नातं तसंच राहिलं. पुढचा तोल मागच्या उंचीवर ठरतो.

म्हणून हँडल थरथरलं की जाणकार आधी मागे बघतो. स्वार सगळा पोशाख घालून बसल्यावर मागची बाजू किती दबते, ते मोजतो. याला सॅग म्हणतात, आणि तो साधारण 100 मिलिमीटर, म्हणजे एकूण हालचालीच्या एक तृतीयांश असावा. कमी असेल तर मागची बाजू उंच राहते आणि हँडल झटके देतं. फार जास्त असेल तर पुढचं चाक हलकं होऊन वळणावर बाहेर सरकतं. मग तो फोर्क क्लॅम्पमधून पाचेक मिलिमीटर खाली घेतो, त्याने पुढची बाजू तेवढी उंचावते. तरीही खड्ड्यांच्या रांगेत गाडी थरथरत असेल, तर फोर्कचं रिबाउंड तपासायचं. ते फार सावकाश असेल, तर फोर्क एका खड्ड्यातून पुरता वर यायच्या आत दुसरा खड्डा येतो आणि पुढची बाजू खालीच अडकून राहते.

आपल्या न्यायशास्त्रात अन्वय-व्यतिरेक आहे. कारण असेल तेव्हा कार्य असतं, कारण काढलं की कार्य जातं. ही पद्धत इथे अक्षरशः लागू पडते. एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, तोच ट्रॅक पुन्हा चालवायचा, वहीत लिहून ठेवायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर गाडी सुधारेलही, पण का सुधारली ते कळणार नाही.

काही जण थेट स्टिअरिंग डँपर बसवतात. त्याचा उपयोग नक्की आहे. पण सॅग न मोजता तो बसवणं म्हणजे ताप मोजायच्या आधीच गोळी घेणं. थरथर दबते, कारण जागेवरच राहतं. आणि सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात ते उफाळून आलं, तर हँडल कोवळ्या पोराच्या हातून सुटू शकतं. म्हणून नवीन फोर्कवर पैसे घालण्याआधी एक साधी मोजपट्टी घ्या आणि गाडीच्या मागे जाऊन बसा.