आमेन

यहुदी, ख्रिस्ती व इस्लाम या धर्मांच्या उपासनेत प्रार्थना, स्तुती वा आशीर्वचन यांच्या अखेरीस उच्चारला जाणारा संमतिदर्शक शब्द. तो मूळ हिब्रू असून ‘दृढ असणे, भरवशाचे असणे’ अशा अर्थाच्या धातूपासून बनला आहे. श्रद्धा व सत्य यांचे वाचक हिब्रू शब्दही त्याच धातूपासून आले आहेत. मराठीत त्याचा अर्थ पुष्कळदा ‘तथास्तु’ असा दिला जातो, परंतु तो समर्पक नाही. तथास्तु हे वर देणाराचे वचन होय. आमेन हा मागणाराचा वा ऐकणाराचा शब्द आहे.

जुन्या करारात या शब्दाला शपथेचे बळ आहे. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या २७ व्या अध्यायात लेवी बारा शाप उच्चारतात आणि प्रत्येकानंतर सर्व लोक आमेन म्हणतात. शेजाऱ्याची शीव सरकवणे, आंधळ्याची वाट चुकवणे यांसारखी, बहुधा साक्षीदाराविना घडणारी ही कृत्ये आहेत. त्यामुळे आमेन म्हणणारा शाप स्वतःवरच ओढवून घेतो. नहेम्याच्या काळी सावकारांनी गरिबांची शेते व द्राक्षमळे परत करण्याची शपथ घेतली, तेव्हा मंडळीने आमेन म्हणून ती पक्की केली. स्तोत्रसंहितेच्या पाच भागांपैकी पहिल्या चारांचा शेवट याच शब्दाने होतो. ग्रीक भाषांतरकारांनी मात्र बहुतेक ठिकाणी त्यासाठी ‘असे होवो’ या अर्थाचे क्रियापद योजले. प्रतिज्ञेऐवजी इच्छेचा अर्थ रूढ होण्याचे हे एक प्रमुख कारण दिसते.

शुभवर्तमानांत येशू हा शब्द दुसऱ्याच्या बोलण्याला उत्तर म्हणून नव्हे, तर स्वतःच्या विधानाच्या आरंभी वापरतो. योहानाच्या शुभवर्तमानात तर तो पंचवीस वेळा आणि नेहमी द्विरुक्त येतो. यहुदी वाङ्‌मयात अशी योजना जवळजवळ आढळत नाही. म्हणून योआखिम येरेमिआस या जर्मन अभ्यासकाने ही येशूच्या प्रत्यक्ष बोलण्याची खूण मानली. हे मत सर्वमान्य नाही, पण दुर्लक्षणीयही नाही. मराठी बायबलात अशा ठिकाणी ‘खचित’ हा शब्द येतो. अर्थ साधतो, परंतु प्रार्थनेतील आमेन तो हाच, हे वाचकास उमगत नाही. प्रकटीकरणात (३ : १४) ख्रिस्तालाच ‘आमेन’ हे नाव दिले आहे.

आद्य ख्रिस्तमंडळात आमेन म्हणणे हा लोकांचा हक्क होता. अपरिचित भाषेत आभारप्रार्थना केल्यास सामान्य श्रोत्याने आमेन कसे म्हणावे, असा प्रश्न पौलाने करिंथकरांना विचारला. इ. स. सु. १५५ मध्ये जस्टिन मार्टर याने रोमन सम्राटास उद्देशून लिहिलेल्या समर्थनात, अध्यक्षाची प्रार्थना संपताच सर्व उपस्थित आमेन म्हणून संमती देतात, असे नमूद केले आहे. ग्रीक अक्षरांच्या मूल्यांनुसार या शब्दाची बेरीज ९९ होते. प्राचीन ख्रिस्ती पपायरसांवर शब्दाऐवजी कधीकधी हा आकडाच आढळतो.

पुढे पश्चिमेकडील मिस्सा लोकांना न समजणाऱ्या लॅटिनमध्येच होत राहिली व पुष्कळ ठिकाणी आमेनही सेवकांच्या वा गायकवृंदाच्या तोंडी उरले. पौलाच्या प्रश्नाचे महत्त्व येथे दिसते. धर्मसुधारणेच्या काळात ल्यूथरने १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत त्याचा अर्थ प्रार्थना ऐकली जाण्याची खात्री असा केला; १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतील शेवटचा प्रश्नही याच शब्दाविषयी आहे. कॅथलिक उपासनेत १९६४ पासून ख्रिस्तप्रसाद घेताना धर्मगुरूच्या ‘ख्रिस्ताचे शरीर’ या शब्दांना घेणारा स्वतः आमेन असे उत्तर देऊ लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीसह लोकभाषांत आली, तरी हा हिब्रू शब्द तसाच ठेवण्यात आला.

इस्लाममध्ये ‘आमीन’ हे रूप रूढ असून ‘फातिहा’नंतर ते उच्चारतात. हनफी पंथीय ते मनात, तर शाफिई व हनबली मोठ्याने म्हणतात. यावरून उत्तर भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मशिदींत तंटे झाले व ते अलाहाबाद उच्च न्यायालयापर्यंत गेले.