लंडनचा महापौर

लंडन शहरात थेम्स नदीच्या एका काठावर इंग्रजांची पार्लमेंट आहे. पलीकडच्या काठावर, जवळजवळ समोरच, एक भलीमोठी दगडी इमारत उभी आहे. तिला कौंटी हॉल म्हणतात. एके काळी सगळ्या लंडनचा कारभार तिथून चाले. या काठाला देशाचं सरकार, त्या काठाला शहराचं. अशा शेजाऱ्यांत भांडण जुंपायला कितीसा वेळ लागणार?

१९८१ साली शहराची सत्ता मजूर पक्षाकडे आली आणि केन लिव्हिंग्स्टन पुढारी झाले. त्यांनी बसचं आणि भुयारी गाडीचं भाडं सुमारे एक-तृतीयांशाने उतरवलं. तूट भरून काढायची ती घरपट्टीतून. ब्रॉम्ले भागात भुयारी गाडी जातच नाही; तिथल्या कौन्सिलाने कोर्टात धाव घेतली आणि योजना बेकायदा ठरली. पण लिव्हिंग्स्टन गप्प बसणारे नव्हते. शहरात बेकार किती, तो आकडा त्यांनी कौंटी हॉलच्या माथ्यावर पार्लमेंटला दिसेल असा झळकवला. पंतप्रधान थॅचरबाईंना हे कसं रुचावं? १९८५ साली कायदा झाला आणि ३१ मार्च १९८६ रोजी शहराचं सरकारच बरखास्त झालं. कामं ३२ बरो कौन्सिलांत आणि नेमलेल्या मंडळांत वाटली गेली. इमारत पुढे विकली. आज तिथे हॉटेल आहे नि मत्स्यालय!

अशी १४ वर्षं गेली. १९९८ साली लोकांचा कौल घेतला, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी थेट निवडलेला महापौर हवा म्हणून सांगितलं. मतदानाला मात्र जेमतेम तिसरा हिस्सा लोक आले होते. (थेट निवड म्हणजे काय, हे आपल्या खेड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. महाराष्ट्रात थेट सरपंच २०१७ साली आला, २०२० साली गेला आणि २०२२ साली परत आला.) ४ मे २००० रोजी निवडणूक झाली. मजूर पक्षाने लिव्हिंग्स्टन यांना उमेदवारी नाकारली होती. ते अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले.

खुर्ची मिळाली, पण किल्ल्या? कायद्याने दिला तेवढा अधिकार त्यांनी नेटाने वापरला. १७ फेब्रुवारी २००३ पासून शहराच्या मध्यभागात मोटार आणणाऱ्यावर दिवसाला ५ पौंड आकार बसला, आणि तो पैसा वाहतुकीवरच खर्च करायचा असं बंधन होतं. भुयारी गाडीची गोष्ट मात्र निराळी. तिची डागडुजी ३० वर्षांसाठी खाजगी कंपन्यांना द्यायची, हा निर्णय वरच्या सरकारचा. महापौर विरोधात कोर्टात गेले आणि हरले. करारांवर सह्या होऊन गेल्यावर, २००३ च्या जुलैत, गाडी त्यांच्या हवाली झाली. त्यातली मेट्रोनेट नावाची कंपनी २००७ साली डबघाईला आली, आणि तिची सगळी कामं अखेर महापौरांच्याच गळ्यात येऊन पडली.