एक तालुका, एक झेंडा

सांगोला म्हणजे माणदेशचा कोरडा मुलूख. पाऊस रुसला की इथला माणूस गाव सोडतो; पण या तालुक्याने आपला आमदार सहसा सोडला नाही!

१९२६ साली जन्मलेले गणपतराव देशमुख १९६२ साली शेतकरी कामगार पक्षातर्फे प्रथम निवडून आले. पक्षातले कितीतरी मोहरे काँग्रेसच्या सावलीला गेले. गणपतरावांनी लाल झेंडा खांद्यावरून उतरवला नाही. २०१४ पर्यंत याच एका मतदारसंघातून ते ११ वेळा विधानसभेत गेले. १९७८ आणि १९९९ साली मंत्रीही झाले.

विजयांची ही माळ मोठीच. पण मला त्यांचे दोन पराभव अधिक बोलके वाटतात. १९७२ साली ते हरले, तेव्हा १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले. १९९५ साली अवघ्या १९२ मतांनी हरले. वय सत्तरीला टेकलेले. दुसरा कोणी घरी बसला असता, नाहीतर पक्ष बदलता. गणपतराव १९९९ साली त्याच झेंड्याखाली उभे राहिले आणि जिंकले.

३० जुलै २०२१ रोजी ते गेले. एक साल बुडाले म्हणून माणदेशी शेतकरी पेरणी सोडत नाही. गणपतराव त्याच मातीतले!