पदवीविना परतलेली विद्यार्थिनी

चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझही पिंपरीहून चाकणला आली. पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्यात जर्मन शिकणे आणि उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणे आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. निघणाऱ्यांत मुसलमान घरांतील मुले-मुलीही असतात. परमुलखात एकट्याने राहून आपला धर्म आणि आपला अभ्यास दोन्ही कसे सांभाळायचे, हा त्यांचा प्रश्न आजचा वाटतो. तो आजचा नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी विचारायचे ते असे की, त्याचा पूर्वेतिहास आपल्या वाचनात कोठे आहे?

तो मुंबईत सापडतो. बद्रुद्दीन तय्यबजी १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, शिक्षणासाठी विलायतेस गेले. दृष्टी अधू झाल्याने त्यांना मध्येच परतावे लागले. पुन्हा जाऊन १८६७ साली ते बॅरिस्टर झाले. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती ते हेच. ऑगस्ट १९०६ मध्ये लंडनमध्येच त्यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच कुळातील अतिया फैजी लंडनला निघाल्या. त्यांची बहीण नाझली ही जंजिऱ्याची बेगम. म्हणजे कोकणाशीही या घराचे नाते होते.

सरकारी शिष्यवृत्तीवर मारिया ग्रे महाविद्यालयात अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी अतिया गेल्या होत्या. त्या वर्षी रमजान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आला. तेव्हा लंडन शहरात मशीद म्हणून बांधलेली एकही वास्तू नव्हती. जवळची मशीद वोकिंगची, भोपाळच्या शाहजहान बेगमेच्या देणगीतून १८८९ साली उभी राहिलेली. परंतु तिचे संस्थापक लाइटनर १८९९ मध्ये वारल्यापासून तीही ओस पडत गेली होती. अशा शहरात धर्माचरणाला वास्तूचा आधार मिळणे अवघडच. आधार होता तो घराचा, आणि घराशी सांधा होता लेखणीचा. तय्यबजी कुळात 'अखबार' नावाच्या कौटुंबिक वह्या ठेवीत. घरच्यांनी, पाहुण्यांनी त्यांत दिवसाची हकीकत लिहावी असा रिवाज होता. अतियांनी लंडनहून बहिणीला रोजनिशीवजा मजकूर पाठवला, तो आम्हांस याच सवयीचा विस्तार वाटतो. जोहराबेगमने तो संपादित केला. लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या साप्ताहिकात १९०७ मध्ये तो क्रमशः आला आणि १९२१ मध्ये 'जमाना-इ-तहसील' या नावाने ग्रंथरूप झाला. घरातल्या वहीची वाचकमंडळी अशी देशभर पसरली.

अतिया मात्र १९०७ मध्येच अभ्यासक्रम पुरा न करता परतल्या. येथेच आपल्या इतिहासलेखनाची अडचण होते. 'पहिली पदवीधर', 'पहिला बॅरिस्टर' अशा पायऱ्यांनी चढणाऱ्या इतिहासाला पदवीविना आलेल्या विद्यार्थिनीचे काय करावे हे कळत नाही. मग ती उरते कोणाची तरी पत्रमैत्रीण म्हणून. शिब्ली नोमानींनी तिला पत्रे लिहिली, इक्बाल तिला लंडनमध्ये भेटले. उर्दू जगात अतियांचे नाव प्रामुख्याने या दोघांमुळे घेतले जाते. लिहिणारी बाई पत्त्यावरचे नाव होऊन बसते.

आणि मराठीत? १८८३ साली अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी आपल्याला पत्रांतून, चरित्रांतून, 'आनंदी गोपाळ' कादंबरीतून परिचित आहेत. त्यांनी पदवी मिळवली, हे खरे. पण धर्म, पोशाख, अन्न, एकटेपण यांची परमुलखातील झुंज दोघींच्या वाट्याला आली होती. एकीची आपण आपली मानली. दुसरीची उर्दूत लिहिली गेली म्हणून परकी ठरली. अतिया फाळणीनंतर कराचीला गेल्या आणि १९६७ मध्ये तेथेच वारल्या. त्यामुळे अंतर आणखी वाढले.

आनंदीबाई शिकवताना शेजारी अतियाही ठेवाव्यात, एवढेच आमचे म्हणणे. उद्या चाकणहून निघणाऱ्या मुलीला तिच्याआधी ही वाट कोणी चालले होते, आणि ती चाल लिहूनही ठेवली होती, हे तिच्याच मराठीत कळले पाहिजे.