मराठी फौजेतील वेतनपद्धती आणि सैनिकांची निष्ठा

मराठ्यांच्या लष्करी कागदपत्रांत ‘बारगीर’ आणि ‘शिलेदार’ हे दोन शब्द वारंवार आढळतात. शब्दशः पाहता पहिल्याचा अर्थ ओझे उचलणारा आणि दुसऱ्याचा शस्त्र बाळगणारा असा होतो. मराठी व्यवहारात मात्र त्यांतील भेद घोड्याच्या मालकीवरून ठरला. बारगिरास घोडा व हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार दोन्ही स्वतःची आणी. घोडा रणात पडला तर एकाच्या बाबतीत नुकसान सरकारचे, दुसऱ्याच्या बाबतीत स्वाराचेच. चाकरीतील जोखीम कोणी सोसावयाची, हा प्रश्न या शब्दभेदातच दडलेला आहे.

शिवाजीमहाराजांनी हा प्रश्न पागेच्या बाजूने सोडविला. सभासदाच्या बखरीनुसार पागा बळकट करून शिलेदार तिच्या अधीन ठेवण्यात आले. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार असे. जुमलेदारास ५०० होन, तर हजारीस १००० होन वेतन होते. हे वेतन गावे तोडून न देता रोख किंवा वरातेने दिले जाई. चिपळूणनजीक हलवर्ण येथील छावणीस पाठविलेल्या प्रसिद्ध पत्रात वैरण व दाणा पावसाळाभर पुरवून वापरण्याची ताकीद आहे. कारण शिबंदी उपाशी राहिली की ती रयतेस उपद्रव देणार, हे राज्यकर्त्यास ठाऊक होते.

इ. स. १६८९ नंतर ही व्यवस्था टिकू शकली नाही. राजधानी पडली, खजिना रिता झाला, छत्रपती राजाराम जिंजीस गेले. मोगल मनसबींचे आमिष दाखवीत असता सरदारांना स्वराज्याच्या चाकरीत राखण्यास वतनांची व जहागिरींची आश्वासने देण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या उपायाने राज्य वाचले, हे नाकारता येत नाही. परंतु शिपायाचा पगार आता सरदाराच्या हातून येऊ लागला. शाहूच्या काळात सरंजामाची पद्धत रूढ झाल्यावर हा बदल कायमचा झाला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याच्या हातून वेतन मिळते, त्याच्याकडेच सैनिकाची निष्ठा वळते. उत्तरकालीन मराठी सरदारांच्या परस्परविरोधाची मीमांसा करताना त्यांच्या स्वभावदोषांइतकेच वेतनाच्या या मार्गाकडेही लक्ष देणे अवश्य आहे.